भाव पडलेले धडे

केळझरच्या शिवारात भाजीचं रोप लावायच्या आधी माणसं दोन ठिकाणी जातात. आधी टेकडीवरच्या गणपतीला आणि मग ताराचंदच्या ओट्यावर. गणपती ऐकून घेतो, बोलत काही नाही. ताराचंद ऐकून घेत नाही, बोलतो. आणि एकदा बोलायला लागला की समोरच्याच्या चहावर साय धरेपर्यंत थांबत नाही.

त्याचं शास्त्र तसं साधं होतं. मागच्या साली ज्या भाजीला भाव मिळाला तिच्या मागं यंदा सारं गाव लागतं, वर्ध्याच्या बाजारात ढीग पडतात आणि भाव मातीत जातो. म्हणून मागच्या साली जिच्याकडं कोणी ढुंकून पाहिलं नाही ती यंदा लावायची. एका साली सगळ्यांनी टमाटे लावले आणि शेवटी रस्त्याच्या कडेला ओतून दिले. त्या साली ताराचंदच्या वावरात ढेमसं होती आणि व्यापारी त्याच्या बांधावर येऊन उभे होते. तेव्हापासून गावात ताराचंदचा शब्द चालायला लागला. शेजारचा रामाजी तर त्याला विचारल्याशिवाय परसातली मिरचीही उपटत नसे.

त्याचे अंदाज चुकत नसत असं नाही. चुकले की तो पावसाला, धुक्याला नाहीतर व्यापाऱ्यांना नावं ठेवायचा, आणि घरात कोणी विषय काढत नसे. बायकोनं, गोपिकाबाईनं, लग्नानंतर एकदा म्हणून पाहिलं होतं की औंदा वांगी नको. ताराचंदनं त्यावर ताटाला पाय लावला नाही इतकंच. दोन दिवस जेवला नाही, कोणाशी बोलला नाही आणि वांगीच लावली. गोपिकाबाईनं पुन्हा तो नाद केला नाही.

त्यांची एकुलती एक पोर आचल हे पाहत मोठी झाली. पोर शहाणी आहे, असं सारे म्हणायचे. आपल्याकडं पोरीला शहाणी केव्हा म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती उलटून बोलत नाही तेव्हा.

आचल सेलूच्या ज्युनिअर कॉलेजात बारावी सायन्सला होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. हे तिनं एकदाच सांगितलं, तेही आईला. आईनं बरी वेळ पाहून ते ताराचंदच्या कानावर घातलं आणि त्याला ते इतकं आवडलं की आठवडाभरात त्यानं ती आपलीच कल्पना असल्यासारखी गावभर सांगितली. बायोलॉजी आचलच्या आवडीचं होतं, फिजिक्स ढकलत ढकलत चाललं होतं. घोडं अडत होतं ते केमिस्ट्रीत. तिथं मार्क पडले नाहीत तर नर्सिंगचं नावही काढायला नको होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ती पुस्तक घेऊन ओट्यावर बसली होती आणि ताराचंद शेंगा फोडत होता. तिचं पान बराच वेळ उलटलं नाही तेव्हा त्यानं विचारलं, "काय झालं वं?"

"केमिस्ट्रीचं लय राह्यलं, बाबा. सोळा धडे हायेत. सारे होऊन नाई राह्यले."

"मागच्या साली पेपरात काय आलतं?"

आचलनं मागच्या सालचा पेपर आणला आणि कोणत्या धड्याचं किती आलं ते वाचून दाखवलं. इलेक्ट्रोकेमिस्ट्री, कोऑर्डिनेशन कंपाउंड्स, अल्डिहाइड्स. ताराचंदला त्यातलं एक नाव धड उच्चारता आलं नसतं. पण व्यापारी सकाळचे भाव सांगतो तेव्हा ऐकावं तसं त्यानं सगळं मन लावून ऐकलं, आणि त्याचा चेहरा खुलत गेला.

"म्हनजे ह्ये तीन-चार मागच्या साली जोरात होते," तो म्हणाला. "यंदा पडनार. सोडून दे."

"सोडून देऊ?"

"पडलेला माल कायले लावतं? ज्याचं मागच्या साली कमी आलं त्याचा नंबर हाय आता. थे कर."

त्यानं खिशातला पेन काढला आणि अनुक्रमणिकेचं पान पुढं ओढलं. आचल नावं वाचत गेली, तो फुल्या मारत गेला. थोड्याच वेळात निम्मं पुस्तक कमी झालं. फुल्या मारून झाल्यावर त्याला खूप हलकं वाटलं. पोरीचं एवढं मोठं ओझं आपण बसल्या बैठकीला उतरवलं, आणि हे कॉलेजातल्या शिकलेल्या लोकांना का सुचत नाही, असंही त्याच्या मनात आलं. आचल त्या पानाकडं पाहत राहिली. तिनं ओठांवरून जीभ फिरवली.

"बरं," ती म्हणाली.

मग अभ्यास जोरात सुरू झाला. संध्याकाळी वावरातून सांभार, म्हणजे कोथिंबीर, उपटून आणला की तिघं अंगणात जुड्या बांधायला बसत, आणि आचल बांधता बांधता पाठ केलेलं म्हणायची. इंग्रजीतून, न अडखळता, एका दमात. ताराचंदला एक शब्द कळत नसे, म्हणून तर तो इतका खूश व्हायचा. हातानं काम चाललंय, तोंडानं अभ्यास चाललाय, वेळ वाया जात नाही, याहून चांगली व्यवस्था काय असणार? रस्त्यानं जाणारा रामाजी कुंपणापाशी थांबायचा.

"पोरगी तं तोफ हाय, ताराचंदभाऊ."

"मंग," ताराचंद म्हणायचा, आणि जुडी जरा जास्तच आवळायचा.

जानेवारीत कॉलेजनं सराव परीक्षा घेतली. बोर्डासारखीच, तीन तास, सत्तर मार्कांची. निकालाच्या दिवशी आचल घरी आली, चपला काढल्या, हातपाय धुतले आणि ताराचंदच्या समोर येऊन उभी राहिली.

"केमिस्ट्रीत सोळा," ती म्हणाली.

ताराचंदला वाटलं ती धडे सांगते आहे. "सोळाच हायेत ना? मालूम हाय मले."

"मार्क, बाबा. सत्तरपैकी."

सोळा. दिवाळीपासून रोज संध्याकाळी ह्या अंगणात जी तोफ चालली होती तिचे सोळा. हे शक्यच नाही, पेपर तपासणाऱ्याचं काहीतरी चुकलं, असं त्यानं ठरवून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्याला माल टाकून तसाच रिकामे कॅरेट बांधलेल्या मोटरसायकलवर सेलूला कॉलेजात गेला. भांडायचं काय ते त्यानं वाटेत जुळवून ठेवलं होतं.

केमिस्ट्रीच्या शोभा मॅडम सिंदी मेघेहून रोज बसनं यायच्या. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल होतं. ताराचंदनं नाव सांगितल्याबरोबर त्यांनी खुर्ची पुढं केली.

"बरं झालं तुम्ही आले. मी बोलावणारच होते."

"पेपर लय अवघड काढला म्हनते तुमी," ताराचंदनं सुरुवात केली. "मागच्या सालचंच परत टाकलं म्हनते."

मॅडमनी कपाटातून आचलची उत्तरपत्रिका काढून त्याच्यासमोर ठेवली. पहिलं पान भरलेलं होतं, अक्षर मोत्यासारखं. दुसऱ्या पानावर एक व्याख्या होती. तिसऱ्या पानावर फक्त प्रश्नाचा नंबर होता. चौथ्या पानावरही नंबर, पुढं काही नाही. ताराचंद पानं उलटत गेला. नंबर, कोरं. नंबर, कोरं. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही कोरं पान वाचता येतं.

"आजारी होती का ते दिवशी?" त्यानं विचारलं. "आमाले नाई बोलली."

"आजारी नव्हती. शांत बसून होती. मी दोनदा जवळ जाऊन आले." मॅडमनी पान मागं उलटून एका लाल गोलावर बोट ठेवलं. "आणि जे लिहिलं तेही बघा. इथं फॉर्म्युला बरोबर आहे. पण मिलिलिटरचं लिटर केलं नाही, तसाच आकडा टाकला. उत्तर हजारपटीनं चुकलं. शेवटी युनिटही नाही. हिला पाठ सगळं आहे, भाऊ. तोंडी विचारा, धडाधडा सांगते. हातानं कधी सोडवलेलं दिसत नाही. पाठ म्हणणं सोपं असतं, कागदावर उतरवायला घेतलं की मगच कळतं आपल्याला काय येत नाही ते."

ताराचंदला जुड्या आठवल्या. त्यानं आपले हात टेबलाखाली घेतले.

"आणि अर्धे धडे तिनं उघडलेलेच नाहीत," मॅडम पुढं म्हणाल्या. "मला ते समजतच नाही. जे दरवर्षी येतं तेच नेमकं सोडलंय."

"मागच्या साली आलं थे यंदा कसं येइन?" ताराचंद म्हणाला. आवाज मात्र त्यानं वाटेत जुळवला होता तसा निघाला नाही.

"का नाही येणार? बोर्डानं प्रत्येक धड्याला मार्क ठरवून दिलेले असतात. ह्याला इतके, त्याला तितके. दरवर्षी तेच. पेपर बदलतो, धड्याचे मार्क बदलत नाहीत."

ताराचंद त्यांच्याकडं पाहतच राहिला. भाव आधीच ठरलेला, सगळ्यांना सांगितलेला, आणि कधी न पडणारा. असा बाजार त्यानं जन्मात पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. तरी अजून एक काडी हाताशी होती, ती त्यानं धरली.

"हे आमाले कोनी सांगितलं नाई, मॅडम. पोरीले माहीत असतं तं तिनं केलं असतं ना."

"आचलला?" मॅडमना आश्चर्य वाटलं. "तिला कसं माहीत नसेल? कॉलेज सुरू झालं तेव्हाच मी वर्गात सांगितलं. तिचं अक्षर चांगलं, म्हणून फळ्यावर तिलाच लिहायला लावलं. सोळाही धडे आणि पुढं प्रत्येकाचे मार्क. आख्खा फळा भरला होता तिनं."

"आमच्या आचलनं?"

"तुमच्याच आचलनं."

"दिवाळीच्या आंधी?"

"कितीतरी आधी, भाऊ. पावसाळ्यात."

ताराचंद उठला. मॅडम आणखी काही सांगत होत्या, वही बंद करून लिहावं, घड्याळ लावून पेपर सोडवावा, चुकलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं. त्यानं मान हलवली, पण त्यातलं फार थोडं आत गेलं. तो गाडीवर बसला आणि निघाला. दिवाळीतला तो ओटा त्याला दिसत होता. पोर एकेक नाव वाचत होती आणि तो फुली मारत होता, आणि प्रत्येक फुलीला तिला माहीत होतं की किती मार्क गेले. तिच्याच हातानं फळ्यावर लिहिलेले मार्क. तरी ती पुढचं नाव वाचत होती. केळझर कधी मागं पडलं ते त्याला कळलं नाही. बरंच पुढं गेल्यावर एका ट्रकनं हॉर्न वाजवला तेव्हा तो भानावर आला आणि गाडी वळवली.

अंगणात मायलेकी सांभार निवडत बसल्या होत्या. आचलचं तोंड चालू होतं. ताराचंद गाडीवरून उतरला, कॅरेट सोडायचं विसरला.

"फळ्यावर तूच लिहिलतं?" त्यानं विचारलं.

आचलचं म्हणणं मधल्याच शब्दावर थांबलं. "हो, बाबा."

"कोनत्या धड्याले किती, थे सारं तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

आचलनं आईकडं पाहिलं. आईची मान खाली होती. "तुमी सांगून राह्यले होते ना," आचल म्हणाली.

"मी सांगून राह्यलो होतो म्हनून? आन नापास झाली असती तं?"

आचलनं हातातल्या जुडीला गाठ मारली आणि ती टोपल्यात ठेवली. "झाली असती," ती म्हणाली.

त्यात रुसवा नव्हता, राग नव्हता. वावरात डुक्कर शिरलं तर पीक जातं, इतक्या साध्या आवाजात ती बोलली. ताराचंद तिथंच सांभाराच्या ढिगाशेजारी खाली बसला. आपण हिला विहिरीत उडी मार म्हटलं तर ही काठावर चपला नीट काढून ठेवून उडी मारेल, असं त्याच्या मनात आलं.

"तिले कायले बोलता?" गोपिकाबाई म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. "मले बी मालूम होतं. दिवाळीतच सांगितलं तिनं मले. रडत होती. मीच म्हनलं, बाबाले नको सांगू, जेवन सोडतीन ते."

म्हणजे घरात तीन माणसं, त्यातल्या दोघींना माहीत होतं की पोरीचं वर्ष बुडतंय. आणि ज्याला माहीत नव्हतं तोच फुल्या मारत होता. त्या दोघी जेवण वाढत होत्या, जुड्या बांधत होत्या, आणि तो रामाजीला सांगत होता, मंग.

"मी चुकलो," तो म्हणाला.

हे दोन शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारले गेले. गोपिकाबाईचा हात थांबला. आचल तर घाबरलीच. बापाला काही झालं की काय अशा नजरेनं तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग ती उठली, आत गेली, पुस्तक घेऊन आली. तिनं अनुक्रमणिकेचं पान उघडलं, त्याच्यासमोर धरलं, आणि पेनचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिला.

"मंग आता कोनते करू, बाबा?"

सोळा मार्कांनी बसला नव्हता, कोऱ्या पानांनी बसला नव्हता, फळ्याच्या गोष्टीनंही बसला नव्हता असा धक्का ताराचंदला आता बसला. ज्यानं बुडवलं त्यालाच ही विचारते आहे की पुढं कसं पोहू. आणि त्याहून भयंकर म्हणजे पेन हातात आल्याबरोबर त्याची नजर त्या नावांवरून फिरायला लागली होती, आणि डोकं हिशेब करायला लागलं होतं. त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्यानं पेन खाली ठेवला, साप ठेवावा तसा.

"मले विचारू नको," तो म्हणाला.

"मंग कोनाले विचारू?"

"तुले काय येत नाई थे मले काय मालूम? तुलेच मालूम. तूच ठरव."

"मले नाई ठरवता येत, बाबा."

ती खरं बोलत होती. त्या संध्याकाळी ती पुस्तक मांडीवर घेऊन दिवाबत्ती होईपर्यंत बसली आणि एकाही नावावर तिचं बोट ठरलं नाही. मधूनच ती बापाकडं पाहायची. तो मान फिरवून घ्यायचा. वाकडं रोप काठी बांधून सरळ करता येतं, हे त्याला माहीत होतं. पण काठी बांधून बांधूनच जे वाकलं त्याचं काय करायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

शेवटी मॅडमनी मार्ग काढला. त्यांनी आचलला बसवून सोळाही धड्यांतला एकेक प्रश्न दिला, पुस्तक बंद, पाठ म्हणायचं नाही, लिहायचं. जो अडला तो धडा आधी. हे आचलला जमलं, कारण ह्यात कोणाला हो किंवा नाही म्हणायचं नव्हतं. चौदा ठिकाणी ती अडली. त्यातले सहा धडे तर असे होते जे ती रोज अंगणात म्हणत होती. जी रिअ‍ॅक्शन ती झोपेतही म्हणू शकली असती ती कागदावर उतरेना. बाण कुठून कुठं जातो तेच हाताला ठाऊक नव्हतं. घरी येऊन ती खूप रडली.

मग ती लिहायला लागली. लिहायची, पुस्तक उघडून पाहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. आकड्यांच्या प्रश्नात आता ती आधी युनिट मांडायची, मग आकडा टाकायची. रविवारी घड्याळ समोर ठेवून आख्खा पेपर सोडवायची, आणि पहिल्या रविवारी तीन तास संपले तेव्हा तिचा पेपर अर्धाही झाला नव्हता. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. ताराचंदनं दारातून तिच्या चेहऱ्यावर वाचलं.

त्या दिवसांत ताराचंदचे हाल कोणी विचारू नयेत. तोंडाला कुलूप लावून राहायचं, हे त्याच्यासारख्या माणसाला उपाशी राहण्याहून अवघड. सल्ला जिभेवर आला की तो उठून वावरात जायचा आणि भिजलेल्या वाफ्यांना पुन्हा पाणी सोडायचा. त्या साली त्याचा पालक पाणी जास्त झाल्यानं पिवळा पडला. गोपिकाबाईनं ते पाहिलं आणि ती म्हणाली, "पानी जास्त होऊन राह्यलं." ताराचंद चकित होऊन तिच्याकडं पाहत राहिला. मग त्यानं पाणी बंद केलं.

एक दिवस संध्याकाळी सांभाराचा ढीग अंगणात पडला आणि तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "आचल, ये वं, बस."

आचल दारात उभी होती. "आज मी जुड्या नाई बांधत," ती म्हणाली. बोलली ती दाराच्या चौकटीशी. आवाज इतका बारीक होता की गोपिकाबाईला वाटलं आपल्याला भास झाला. "मले लिहायचं हाय."

ताराचंदची कानशिलं गरम झाली. सवय अशी एका महिन्यात जात नाही. काऊन, हा शब्द अगदी दातांपर्यंत आला, आणि त्याच वेळी त्याला दिसलं की पोरीचे दोन्ही हात ओढणीत गच्च गुंडाळलेले आहेत. एवढंसं बोलायला तिला एवढी भीती वाटत होती, त्याची, बापाची.

"नको बांधू," तो म्हणाला. त्या दिवसापासून तिच्या वाट्याच्या जुड्या त्यानं बांधल्या. त्या ढिल्या व्हायच्या आणि व्यापारी कुरकुर करायचा.

फेब्रुवारीत केमिस्ट्रीचा पेपर आला. सेंटर सेलूलाच होतं. ताराचंद तिला गाडीवर घेऊन गेला. रामाजीचं तहसीलात काम होतं, तोही आपल्या गाडीवर मागून आला आणि काम आटोपून गेटसमोरच्या कडुनिंबाखाली येऊन उभा राहिला. तिथं बरेच बाप उभे होते.

"काय येइन म्हनतं आज पेपरात?" रामाजीनं विचारलं.

"मले काय मालूम," ताराचंद म्हणाला.

रामाजीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत ताराचंदच्या तोंडून हे वाक्य त्यानं ऐकलं नव्हतं. "बरं नाई का?" त्यानं काळजीनं विचारलं.

ताराचंदला खरंच बरं नव्हतं. गारपिटीच्या रात्रीही त्याचं काळीज असं उडालं नव्हतं. त्याला ती कोरी पानं दिसत होती. नंबर, कोरं. नंबर, कोरं. आत ती शांत बसून असेल, आणि विचारलं तर म्हणेल, झालं, बाबा. घंटा झाली, पोरं बाहेर पडायला लागली. विचारायचं नाही, असं त्यानं स्वतःला बजावून ठेवलं होतं.

आचल आली. तिच्या बोटांना शाई होती. ती स्वतःच बोलली.

"इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा मागच्या सालचाच आला, बाबा. खाली आकडे बदलले फक्त."

ताराचंद गाडीच्या सीटवर टेकला. ज्या धड्यावर त्यानं पहिली फुली मारली होती तोच. ती फुली तशीच राहिली असती तर, हा विचार त्याच्यानं पुरा करवेना.

"लिहिला?" त्यानं कसंबसं विचारलं.

"लिहिला. युनिटासकट. एक अमाइन्सचं चुकलं बहुतेक, घरी जाऊन पाहतो. बाकी सारं लिहून झालं."

ताराचंदला इतका आनंद झाला की महिनाभराचं कुलूप गळून पडलं. "म्हनजे मागच्या सालचं परत येते," तो उठून उभा राहत म्हणाला, आणि त्याचे डोळे पूर्वीसारखे चमकायला लागले. "मंग बायोलॉजीत बी तसंच असन. तू असं कर, मागच्या सालचं जे आलतं तेवढंच—"

"बाबा," आचल म्हणाली, "तुमी मधात बोलू नका. बायोलॉजीचं मी पाहतो."

ती चौकटीशी बोलली नव्हती. भर रस्त्यात, चारचौघांत, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ती बोलली, आणि तिचे हात आपल्या जागी होते. रामाजीचा तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडाकडं जाता जाता वाटेतच थांबला. आजूबाजूच्या दोन-तीन बापांनी माना वळवल्या. ताराचंदला असं कोणी बोलल्याचं रामाजीनं पाहिलं नव्हतं, आणि आता काय होतं म्हणून तो श्वास रोखून उभा राहिला.

ताराचंदचं तोंड उघडंच होतं. कान तापले, मान ताठ झाली. मग फळ्याची गोष्ट कळली त्या संध्याकाळपासून त्याच्या छातीत जो दगड बसला होता, ही पोर आपल्या शब्दापायी कधीतरी मुकाट्यानं बुडेल हा, तो जागचा हलला. त्यानं तोंड मिटलं. रामाजीकडं न पाहता त्यानं गाडीला किक मारली.

आचल मागं बसली. केळझर येईपर्यंत ताराचंद एक शब्द बोलला नाही. डोळे सारखे भरून येत होते आणि रस्ता नीट दिसत नव्हता, म्हणून त्यानं गाडी जरा हळूच चालवली.